टेपखालची खूण

वस्तू तोडणं हे माझं काम आहे. घोटावड्याच्या एका लहान कारखान्यात मी चोवीस वर्षं तेच करतो. आमच्याकडे फायबरचा माल बनतो. टाक्या, शिड्या, जाळ्या, चालायच्या फळ्या. काचेच्या धाग्यांचं कापड साच्यात अंथरायचं, वर रेझिनचा चिकट द्रव लावायचा, रोलर फिरवून आतली हवा काढायची, मग दुसरं कापड. पाच-सहा थर वाळले की फळी तयार होते. तिच्याच टोकाकडून बोटभर रुंदीचे दोन-तीन तुकडे कापून ठेवतात. त्यांना आम्ही नमुने म्हणतो. नमुना माझ्याकडे येतो. मी तो मशीनच्या जबड्यांत धरतो आणि तुटेपर्यंत ओढतो.

तो कुठे तुटणार, हे आशा आधी सांगायची.

आशालता माझी बायको. ती इंजिनिअर, मी उदगीरला आयटीआय केलेला फिटर. ती वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरपुढे बसायची, मी खाली मशीनपाशी. फायबरच्या वस्तू वजनाखाली कशा फुटतात याचं ती मॉडेल बनवायची. मला त्यातलं गणित येत नाही, पण तिनं समजावलेलं लक्षात आहे. पडद्यावर वस्तूचे हजारो लहान चौकोन करायचे. प्रत्येक चौकोनाला एक आकडा. शून्य म्हणजे धडधाकट, एक म्हणजे मोडलेला. मग वजन थोडं थोडं वाढवत न्यायचं. एक चौकोन मोडला की त्याचा भार शेजारच्या चौकोनांवर जातो. ते तग धरतात, नाहीतर तेही मोडतात. निळी फळी हळूहळू कुठेतरी लाल होत जाते.

"लोखंड वाकून दाखवतं," ती म्हणायची. "फायबर दाखवत नाही. आधी आतलं रेझिन तडकतं. मग थर एकमेकांपासून सुटतात. धागे सगळ्यात शेवटी. तोवर बाहेरून बघाल तर फळी नवीच दिसते."

आमचं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट. तिनं मला पहिला नमुना दिला, त्यावर काचेवर लिहायच्या पांढऱ्या पेन्सिलीनं आडवी रेघ काढली होती आणि रेघेच्या शेवटी एक ठिपका. "इथे तुटेल," म्हणाली. तुटला तिथेच. मला वाटलं ती खूश होईल. पण ती जबड्यांकडे बघत राहिली.

"तुम्ही जरा वाकडा धरला होता. खूण दिसली की हात तिकडे झुकतो. तुमची चूक नाही. माणसाचा हात तसाच असतो."

त्या दिवसापासून आमची पद्धत ठरली. खूण ती करायची, मग सगळा नमुना कागदी टेपनं झाकायची आणि मला द्यायची. खूण कुठे आहे ते मला कळायचं नाही. नियम एकच. तुटल्याशिवाय टेप काढायची नाही. तुटला की मी जिन्याकडे तोंड करून हाक मारायचो, ती खाली यायची आणि स्वतःच्या हातानं टेप सोलायची. खूण आणि मोड यांच्यात फार तर एका बोटाचं अंतर असायचं. बहुतेक वेळा तेवढंही नसायचं. दुसऱ्या कंपन्यांचे इंजिनिअर हे बघायला यायचे. येताना बोलत यायचे, जाताना गप्प असायचे.

एकदा मी तिला विचारलं, हे तुला दिसतं कसं. ती मेथी निवडत होती.

"तुटणं एका क्षणात होत नाही हो," ती म्हणाली. "ते आधीच सुरू झालेलं असतं. आपल्याला आवाज तेवढा शेवटी येतो."

तो आवाज मात्र माझ्या ओळखीचा आहे. मोडायच्या आधी नमुना आतून वाजतो. टक्. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा टक्.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता तिच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ही वर्षभर तरी आत असणार. आशा माझ्याकडे बघून थोडं हसली. तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. त्यानंतर ती घरीच होती. आम्ही साळूबाईंच्या घरात वरच्या दोन खोल्यांत राहत होतो, मी अजूनही राहतो. आम्हाला मूल नाही. साळूबाई सत्तरीच्या. त्यांची बरीचशी जमीन कारखान्यांकडे गेली, उरलेल्या जागेवर त्यांनी खोल्या बांधल्या. त्या रोज आंबील घेऊन वर यायच्या आणि आशाच्या मांडीवरचा लॅपटॉप बघून रागवायच्या.

"आगं बाय, येवड्या दुखन्यात बी तुजं त्ये डबडं सुटंना व्हय? जरा पड की."

"मालेच्या लोकांच्या साकवाचं काम आहे, साळूबाई. तेवढं संपवते."

"आन् तुज्याबिगर साकव हुबा ऱ्हानार न्हाई?"

"उभा राहील की. पण कुठे मोडेल ते कोण सांगणार?"

"मोडायचंच बोल तू," साळूबाई म्हणायच्या आणि वाटी तिच्या तोंडाला लावायच्या.

साकव म्हणजे ओढ्यावरचा पायी जायचा पूल. मालेजवळच्या एका वस्तीला रस्त्यावर यायला ओढा ओलांडावा लागतो. त्यांच्यासाठी आमचा कारखाना फायबरचा साकव करत होता. चौदा फळ्या, दोन्ही बाजूंना कठडा. आशानं त्याचं मॉडेल एकोणीस ऑक्टोबरला पूर्ण केलं. फाईलवर तीच तारीख आहे. दोन डिसेंबरला ती गेली.

मार्चमध्ये तिच्या जागी मृण्मयी आली. पंचवीस-सव्वीसची, हुशार. जवळच चांद्याला मैत्रिणीबरोबर फ्लॅट घेऊन राहते. एप्रिलमध्ये साकव जागेवर बसला. मेमध्ये त्यावर वजन ठेवून चाचणी व्हायची होती. त्याआधी मृण्मयीनं आशाचं मॉडेल उघडलं आणि दुपारच्या जेवणानंतर मला वर बोलावलं.

"काका, एक बघाल? मला कळत नाहीये."

पडद्यावर चौदा फळ्या निळ्या होत्या. नवव्या फळीवर डाव्या टोकाकडे नखाएवढा लाल डाग होता.

"इथे बोल्ट नाही, भोक नाही, काही नाही. जे थर बाकीच्या फळ्यांना तेच हिला. मग ही एकटीच इथे का फुटावी? मी फाईलची कॉपी करून तेवढे चौकोन काढून टाकले, नवे घातले, परत चालवलं. लाल पुन्हा तिथेच. तीनदा केलं."

"काहीतरी कारण असेल."

"मॅडमनी तिथे काही वेगळं लिहिलंय का तेही शोधलं. एक ओळ नाही." तिनं आवाज खाली आणला. "त्यांचं काम इतकं स्वच्छ आहे ना काका. प्रत्येक आकडा कुठून आला ते शेजारी लिहिलंय. मला कॉलेजात कोणी असं शिकवलं नाही. म्हणून तर हे खटकतंय."

आमचे मालक दिग्विजय साहेब मागे येऊन उभे होते. माणूस वाईट नाही. आशा आजारी असताना दोनदा घरी येऊन बसून गेले होते.

"हे बाजूला ठेव मृण्मयी," ते म्हणाले. "तू तुझं नवीन मॉडेल कर. दयानंद, राग मानू नका. शेवटी शेवटी त्यांना जड औषधं चालू होती. माणसाकडून राहून जातं."

मी खाली येऊन मशीन पुसत बसलो. इतकी वर्षं तिची खूण चुकली नव्हती, आणि शेवटची चुकली असं आता कारखान्यात कायम बोललं जाणार होतं. आणि चुकली नसेल, तर त्या नवव्या फळीवरून माणसं चालणार होती.

नवव्या फळीचे दोन नमुने कपाटात शिल्लक होते. मी एक काढला. दोन्ही बाजूंनी बघितला, कोरा होता. सवयीनं त्यावर टेप गुंडाळली, जबड्यांत धरला, मशीन सुरू केलं. टक्. टक्. मग तो तुटला. मी जिन्याकडे तोंड करून हाक मारायला गेलो आणि थांबलो. टेप मीच सोलली.

खाली पांढरी रेघ होती. शेवटी ठिपका. मोड रेघेवरूनच गेला होता.

मला वाटलं, कपाटातला एखादा जुना नमुना हाताला लागला. नंबर बघितला. नववी फळी, डिसेंबर. मग वाटलं, मी नीट बघितलं नसेल. दुसरा नमुना घेतला. थिनरच्या फडक्यानं पुसला, खिडकीपाशी नेऊन भिंगातून बघितला. टेप लावली. तोडला. सोलली.

रेघ आणि ठिपका.

दोन्ही नमुन्यांचे तुकडे मी वर्तमानपत्रात गुंडाळून डब्याच्या पिशवीत ठेवले. संध्याकाळी घरी गेल्यावर आशाचा पत्र्याचा डबा उघडला. तिची पांढरी पेन्सिल त्यात आहे. त्या पेन्सिलीला तासत नाहीत, टोक झिजलं की वरचा कागद थोडा सोलून काढतात. पेन्सिल जागेवर होती. शेजारी कागदाची एक गुंडाळी पडली होती, आतून पांढरी स्वच्छ. पाच महिने पडून राहिलेल्या कागदावर धूळ बसते.

मला भीती वाटली नाही. जे खरं आहे ते लिहितो. मला असं वाटलं की ती वरच्या मजल्यावर आहे आणि तिचं काम चालू आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोल्डिंगच्या, म्हणजे साचे भरायच्या खोलीतली वही काढली. कोणती फळी कोणत्या तारखेला कोणी केली ते तीत लिहितात. नववी फळी, सोळा डिसेंबर. पुढे माझं नाव, माझ्याच अक्षरात.

मला ती फळी केलेली आठवत नव्हती.

आशाचं तेरावं होऊन दोन दिवस झाले होते. मशीनवर काम नव्हतं आणि घरी बसवत नव्हतं, म्हणून मी मोल्डिंगमध्ये हात लावायला गेलो होतो, एवढं आठवलं. कापडाचा रोल संपत आला होता, हेही आठवलं. त्यापुढे काही नाही.

रोल संपला की कापडाला जोड द्यावा लागतो. दोन्ही तुकडे चार बोटं एकमेकांवर चढवायचे, आणि प्रत्येक थराचा जोड वेगळ्या ठिकाणी घ्यायचा. सगळे जोड एका जागी आले तर तिथे धागा उरतच नाही, नुसतं रेझिन उरतं. आमच्याकडे नवीन माणूस आला की पहिल्या आठवड्यात त्याला हे शिकवतात. मीच शिकवतो.

मी दिग्विजय साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

"चाचणीला नववी फळी घ्या."

"मधली घेतात दयानंद. सातवी. सगळीकडे मधलीच घेतात."

"नववी मी केली आहे. आणि कशी केली ते मला आठवत नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "सातवी झाली की नववी घेऊ," म्हणाले. "तुमच्या समाधानासाठी."

गुरुवारी सकाळी आम्ही वाळूच्या गोण्या टेम्पोत घालून मालेला गेलो. ताम्हिणीकडे जाणाऱ्या गाड्यांची गर्दी शनिवार-रविवारची, त्या दिवशी पौडच्या पुढे रस्ता मोकळा होता. ओढा कोरडा होता. साकवाखाली दोन पुरुष खोल नुसते काळे दगड. साकव अजून सुरू झालेला नव्हता आणि तोंडाला आम्ही दोरी बांधली होती. तिच्याखालून वाकून एक माणूस मोटारसायकल ढकलत बाहेर आला. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. वस्तीतला शंभू, साकव बसवताना त्याची ओळख झाली होती.

"शंभूभाऊ, दोरी कशाला बांधली आहे?"

"दोरी हाय की तितंच. आमी कुटं तोडली?" त्यानं गाडी उभी केली. "आवो, आयतवारी तर समदं वऱ्हाड हितनंच जानार हाय. आमच्या पुतणीचं लगीन हाय, शुभांगीचं. बँडवालं म्हनत्यात, साकवाव थांबून दोन गानी वाजवू. खाली लई आवाज घुमतुया म्हनं."

"किती माणसं असतील?"

"नाचनारी? चाळीस-पन्नास धरा. म्हातारी नाचत न्हाईत, ती निस्ती नावं ठेवत्यात."

मी साकवावर गेलो. पडद्यावरची जागा माझ्या डोक्यात होती. डाव्या टोकापासून एक वीत. फळी नवी दिसत होती. हात फिरवला, गुळगुळीत. टिचकी मारली, आवाज बाकीच्या फळ्यांसारखाच. मी थिनरचं फडकं फिरवलं, खिशातून टेप काढली आणि डाव्या टोकापासून हातभर चिकटवली. मृण्मयी बघत होती. 

सातव्या फळीवर गोण्या रचल्या. ठरलेलं वजन झालं, अर्धा तास ठेवलं. फळी थोडी लवली आणि गोण्या काढल्यावर सरळ झाली. तपासायला आलेल्या साहेबांनी कागदावर लिहिलं आणि घड्याळ बघितलं.

"नववी," मी म्हणालो.

"दयानंद, ऊन बघा किती झालंय," दिग्विजय साहेब म्हणाले.

"रविवारी इथे पन्नास माणसं नाचणार आहेत, साहेब."

त्यांनी शंभूकडे बघितलं, मग कामगारांना हात केला.

गोण्या नवव्या फळीवर जाऊ लागल्या. कामगार आठव्या फळीवर उभे राहून त्या ठेवत होते. चार झाल्या. सहा. आठ. मीही आठवीवरच, नववीच्या डाव्या टोकाशी गुडघे टेकून बसलो होतो.

टक्.

मी हात वर केला. "सगळे काठावर जा."

"काय झालं?" दिग्विजय साहेबांनी विचारलं.

"आवाज आला."

"मला नाही आला."

"मला आला. जा."

माणसं काठावर गेली, मी बसूनच राहिलो. ठरलेल्या वजनाला अजून निम्म्या गोण्या बाकी होत्या. शंभू तंबाखू मळायचा थांबला. वरच्या बाजूला कोणाची तरी म्हैस ओरडली, तेवढंच.

टक्.

मग काही नाही.

आमचा कामगार अमोल मागे वळला. त्याचा मोबाईल आठव्या फळीवर राहिला होता. तो माझ्यापर्यंत आला तेव्हा मी उठलो आणि त्याच्या शर्टाला धरून मागे ओढलं.

फळी गेली.

आवाज मोठा नव्हता. जाड कापड फाडावं तसा. गोण्या एकामागून एक दगडांवर पडल्या. सुटलेलं टोक उसळून माझ्या छातीवर डावीकडे लागलं आणि मी खाली बसलो.

 वाळूची धूळ खाली बसेपर्यंत सगळे बघत उभे होते. शंभू काठाशी आला. "आयतवारी," एवढंच म्हणाला आणि खाली दगडांकडे बघत राहिला.

मृण्मयी माझ्या शेजारी येऊन मोडलेल्या टोकाशी बसली. मोडात थर दिसत होते. पाच थरांचे जोड एकाच ठिकाणी होते. एकमेकांवर चढवलेले नव्हते, नुसते टोकाला टोक लावून ठेवलेले. वरून सहावा थर अखंड, म्हणून बाहेरून काही दिसत नव्हतं.

"असं कोणी केलं?" तिनं हळू विचारलं.

"मी."

तिनं टेपचं टोक धरलं आणि सोलली. पांढरी रेघ मोडाच्या काठाकाठानं गेली होती. शेवटी ठिपका.

ती रेघेकडे बघत राहिली. मग माझ्याकडे.

"ही खूण तुम्ही केलीत का, काका?"

"हो," मी म्हणालो.

त्या मुलीशी मी तेवढंच खोटं बोललो आहे.

ऑक्टोबरात ती फळी झालेली नव्हती. ती मी करणार हेही ठरलेलं नव्हतं. मोल्डिंगचा नेहमीचा माणूस त्या दिवशी आला असता तर मी साच्याला हातही लावला नसता. मी यावर पुष्कळ विचार केला आहे आणि मला काही सांगता येत नाही. एवढंच कळतं, की अंथरुणावर उशीला टेकून, अंगात ताकद नसताना, ती ज्या जागेवर बोट ठेवून गेली ती जागा बरोबर होती. आणि तिनं ती मला दाखवली नव्हती. खूण दिसली की हात झुकतो.

पिरंगुटच्या डॉक्टरांनी छातीचा एक्सरे काढला. हाड शाबूत होतं. घरी आल्यावर साळूबाईंनी मेडिकलमधली भोकाभोकांची पट्टी आणून दिली.

"छातीचं दुखनं हाय, अंगावर काडू नगा. आन् ही पट्टी लगीच काडायची न्हाई. चार दिस ऱ्हाऊ द्या, आपसूक दुखनं वडून घेती."

"बरं."

"बरं म्हनायचं आन् काडून टाकायचं, तसं नगं. ती बी असंच बरं बरं म्हनायची."

मी आरशासमोर उभा राहून पट्टी लावली. कातडीवर माराचा काळानिळा डाग होता, बाकी काही नव्हतं. हे मी नीट बघितलं होतं.

त्याच संध्याकाळी मी नवी फळी केली. नवा रोल फोडला, एकही जोड घेतला नाही. मृण्मयी शेजारी उभी राहून थर मोठ्यानं मोजत होती. शनिवारी ती बसवून पुन्हा वजन दिलं. ठरलेल्या वजनाच्या दीडपट दिलं, तासभर ठेवलं. मी गुडघे टेकून बसलो होतो. आतून काही वाजलं नाही.

रविवारी वरात गेली. शंभूनं मला आग्रहानं बोलावलं होतं. मी काठावर उभा राहून बघितलं. पन्नासपेक्षा जास्तच नाचली. म्हाताऱ्याही नाचल्या. शुभांगी नवव्या फळीवर थांबून हसत मागे वळून बघत होती, कोणीतरी तिचा फोटो काढत होतं. आशा असती तर खाली ओढ्यात उतरून फळ्यांची खालची बाजू बघत बसली असती.

सोमवारी मृण्मयीनं मला वर बोलावलं. पडद्यावर आशाचं मॉडेल होतं. चौदाही फळ्या निळ्या.

"मी काही बदललं नाही काका. फक्त उघडलं आणि चालवलं."

फाईलची तारीख एकोणीस ऑक्टोबरच होती. दिग्विजय साहेबांना तिनं बोलावलं नव्हतं, ते स्वतःच आले. बराच वेळ पडद्याकडे बघून म्हणाले, "मॅडमचंच मॉडेल ठेव. माझ्यासाठी नवीन काही करू नकोस." मग मला म्हणाले, "दयानंद, मी त्या दिवशी जे बोललो..."

"राहू द्या साहेब."

मला त्या दिवशी जेवण गेलं. खूप दिवसांनी.

मंगळवारी सकाळी चार दिवस पुरे झाले. आंघोळीला पाणी तापत होतं. छाती दुखायची थांबली होती, हात वर केला तरी काही होत नव्हतं. मी आरशासमोर उभा राहून पट्टीचं एक टोक उचललं आणि हळूहळू सोलत आणली.

माराचा डाग पिवळा पडला होता.

त्यावर पांढरी रेघ होती. आडवी, सरळ. शेवटी ठिपका.

मी बोट लावून पुसून बघितलं नाही.

नियम एकच होता, तुटल्याशिवाय सोलायचं नाही. मी पट्टी परत जागेवर बसवली, चारही कडा अंगठ्यानं दाबल्या, वर शर्ट घातला आणि कामावर गेलो.